बाळाचे पहिले वर्ष आणि आईची मजुरी



या व्यासपीठावर विद्वानांनी बोलावे अशी रीत आहे. मी विद्वान नाही. १९८२ चा गिरणी संप सुरू झाला त्या वर्षी माझी शाळा सातवीत सुटली. पुढचे जे काही शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत, जुने अहवाल आणि कामगारांचे अर्ज वाचता वाचता झाले. तेव्हा आज जे सांगणार आहे ते डॉक्टरच्या अधिकाराने नव्हे, तर खाडे आणि मजुरी यांचा हिशेब ठेवणाऱ्या माणसाच्या नजरेने सांगणार आहे. विषय आहे तान्ह्या मुलांचा. शहरातील गरिबांचे मूल पहिल्या वाढदिवसापर्यंत जगावे म्हणून विसाव्या शतकाच्या आरंभी जे प्रयत्न झाले, त्यांत काय साधले आणि काय राहून गेले, याचा आपण विचार करू.

प्रथम एक शब्द समजून घेऊ. एका वर्षात जिवंत जन्मलेल्या हजार मुलांमागे वर्षाच्या आत किती मुले दगावली, त्या आकड्याला बालमृत्युमान म्हणतात. १८९९ साली इंग्लंड-वेल्समध्ये हा आकडा १६० च्या आसपास होता. ज्या राज्यावर सूर्य मावळत नसे, त्या राज्याच्या घरच्या सहा मुलांतले एक मूल वर्ष पुरे करीत नसे. गटारे झाली होती, नळ आले होते, मोठ्या माणसांचे मृत्यू कमी होत चालले होते; पण तान्ह्यांचा आकडा मात्र हलत नव्हता.

सरकारांना याची काळजी वाटू लागली, ती केवळ दयेपोटी नव्हे. फ्रान्सचा १८७०-७१ च्या युद्धात जर्मनांनी पराभव केला होता आणि तेथे जन्मांचे प्रमाण घटत होते. इंग्लंडात बोअर युद्धाच्या भरतीला आलेले गरीब तरुण शरीराने इतके कमजोर निघाले की १९०४ साली त्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या समितीचा अहवाल बाहेर पडला. शिपाई हवा असेल तर आधी मूल जगले पाहिजे, हा तो हिशेब. हेतू कोणताही असो, त्यातून काही चांगली कामे उभी राहिली, हे मान्य केले पाहिजे.

दूध आणि उपदेश

पॅरिसमध्ये डॉ. पिएर ब्युदँ यांनी १८९२ साली इस्पितळातून घरी गेलेल्या बाळंतिणींना दर आठवड्याला मूल घेऊन परत यायला सांगितले. मुलाचे वजन करायचे, ते वहीत लिहायचे, आणि होता होईल तो अंगावरच पाजायला लावायचे, इतकी साधी ती रीत. १८९४ साली फेकाँ या बंदराच्या गावी डॉ. लेओं द्युफूर यांनी ‘दुधाचा थेंब’ नावाचे केंद्र काढले. ज्या आयांना अंगावर पाजता येत नसे, त्यांना तेथे उकळलेले, निर्जंतुक दूध बाटल्यांतून मिळे. त्याच धर्तीवर १८९९ साली इंग्लंडातील सेंट हेलन्स येथे नगरपालिकेने दूधकेंद्र उघडले. अमेरिकेत न्यूयॉर्कला नेथन स्ट्राउस या व्यापाऱ्याने १८९३ पासूनच गरीब वस्तीत स्वच्छ दूध वाटायला आरंभ केला होता, आणि १९०८ साली डॉ. सारा जोसेफिन बेकर यांच्या हाताखाली त्या शहराने बालआरोग्याचे स्वतंत्र खाते निर्माण केले.

दुधावर एवढा भर का, हे सांगितले पाहिजे. तान्ही मुले उन्हाळ्यात हगवणीने जात. गोठ्यापासून घरापर्यंत दूध दहा हातांतून येई; वाटेत पाणी मिसळे, माशी बसे, ऊन लागे. बाटलीची रबरी नळी धुवायची कशी, हे कोणाला ठाऊक नसे. अंगावरचे दूध पिणाऱ्या मुलापेक्षा वरच्या दुधावरचे मूल म्हणूनच कितीतरी अधिक धोक्यात असे. आईचे दूध ताजे असते, त्यात घाण शिरायला जागा नसते, आणि रोगाशी झगडण्याची शक्तीही त्यातूनच मुलाला मिळते.

इंग्लंडातील हडर्सफील्ड या लोकरीच्या गिरण्यांच्या गावी १९०४ साली बेंजामिन ब्रॉडबेंट नावाचे गृहस्थ महापौर झाले. त्यांनी आपल्या भागात त्या वर्षी जन्मणाऱ्या प्रत्येक मुलाच्या नावाने लेखी वचन दिले की मूल वर्षाचे झाले तर एक पौंड मिळेल. पौंडाची गोष्ट लोकांच्या लक्षात राहिली. खरे काम मात्र पौंडाबरोबर घरी येणाऱ्या बायांनी केले. मूल जन्मल्याची खबर लगेच मिळाली तर लगेच भेट देता येते, हे त्यातून कळले आणि १९०७ साली जन्माची तात्काळ सूचना देण्याचा कायदा झाला.

आता या सगळ्याच्या आधी घडलेली एक गोष्ट सांगतो, कारण आजच्या विषयाची किल्ली तिच्यात आहे. १८६१ ते १८६५ अमेरिकेत यादवी युद्ध झाले. कापूस येईनासा झाला, लँकेशायरच्या गिरण्या बंद पडल्या, आणि लाखो कामगार उपाशी बसले. त्याच काळात आपल्या मुंबईच्या कापसाला सोन्याचे भाव आले होते. उपासमारीत मुले अधिक मरतील असे कोणालाही वाटेल. पण त्या काळच्या जाणकारांनी नोंद केली ती उलटी: तान्ह्या मुलांचे मृत्यू वाढले नाहीत, ते कमी झाले. जर्मनांनी पॅरिसला वेढा घातला तेव्हाही तसेच दिसले. मोठी माणसे भराभर गेली, तान्ही मुले मात्र अधिक जगली. कारण काय? आई घरी होती, आणि मूल तिच्या अंगावर पीत होते.

यावरून दोन माणसांनी दोन अर्थ काढले. सुखवस्तू सुधारकाने म्हटले, बाईने गिरणीत जाऊच नये. गिरणीतल्या बाईने विचारले, मग चूल कशावर पेटवू? दोघांनाही मूल प्रिय होते. पण पहिल्याच्या उपायात भाकरीचा हिशेब नव्हता. इंग्लंडातील कामगार-घरांतील बायांच्या सहकारी गिल्डने हा हिशेब मांडला. १९११ च्या विमा कायद्यात बाळंतपणासाठी ३० शिलिंग मिळू लागले होते. १९१३ साली या बायांनी झगडून ते पैसे नवऱ्याच्या नव्हे, आईच्या हक्काचे करून घेतले.

मुंबईची खोली

आता आपल्या घरी येऊ. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि गरिबांच्या चाळींकडे राज्यकर्त्यांचे प्रथमच नीट लक्ष गेले. पुढील पंचवीस वर्षांत बरीच कामे झाली. १९०३ साली लेडी कर्झन यांनी सुइणींना शिक्षण देण्यासाठी निधी उभारला. नाळ कापायला विळा, बांधायला हाती लागेल तो दोरा, अशा बाळंतपणात धनुर्वाताने कितीतरी मुले पहिल्या पंधरवड्यात जात. शिकलेल्या सुइणीच्या स्वच्छ कात्रीने ती वाचू शकत. मुंबईत १९०८ साली आणि पुण्यास १९०९ साली सेवासदन निघाले. पुण्याच्या सेवासदनात रमाबाई रानडे यांच्या आश्रयाने अनेक विधवा परिचारिका आणि सुईणकाम शिकल्या. लेडी विलिंग्डन यांच्या पुढाकाराने मुंबईत प्रसूतिगृहे निघाली, आणि पुढे बालकल्याण केंद्रांतून मुलांचे वजन, आंघोळ, दूध यांची सोय झाली. १९२६ साली परळला नवरोजी वाडिया प्रसूतिगृह उघडले. या कामांतून जीव वाचले. त्यांना नावे ठेवण्याचा माझा हेतू नाही.

पण १९२१ साली मुंबईचे बालमृत्युमान हजारी साडेसहाशेंच्याही वर होते. त्याच साली खोल्यांच्या हिशेबाने केलेली मांडणी अशी: चार किंवा अधिक खोल्यांच्या घरांत हजारी सुमारे १३३, तीन खोल्यांत १९१, दोन खोल्यांत ३२२, आणि एका खोलीत ८२८.

हा शेवटचा आकडा जसाच्या तसा घेऊ नये, हे मी आधीच सांगतो. गिरणगावातील बाई बाळंतपणाला कोकणात किंवा घाटावर आपल्या गावी जाई. मुलाचा जन्म गावच्या दप्तरात लागे. ते मुंबईत येऊन दगावले की मृत्यू मात्र मुंबईच्या दप्तरात. शिवाय कितीतरी जन्म कोणी नोंदवीतच नसे. त्यामुळे भागाकार फुगतो. पण तेवढे वजा केले तरी १३३ आणि ८२८ यांच्यामधली दरी बुजत नाही. शहराचे दोनतृतीयांश लोक त्या वेळी एकाच खोलीत राहत होते. तीच चूल, तीच मोरी, तिथेच आजारी आणि तिथेच बाळंतीण. साहेबाच्या बंगल्यातल्या मुलापेक्षा चाळीतले मूल देवाने कमकुवत घडवले होते असे तर कोणी म्हणणार नाही.

बाळगोळी

१९१९ साली वॉशिंग्टन येथे पहिली आंतरराष्ट्रीय कामगार परिषद भरली. तिने ठराव केला की बाळंतपणानंतर सहा आठवडे बाईला कामावर घेऊ नये, आधीचे सहा आठवडे तिला रजा घेता यावी, त्या काळात तिला पोटापुरते पैसे मिळावेत, आणि कामावर परतल्यावर मुलाला पाजायला दिवसातून दोनदा अर्धा तास सुटी असावी. हिंदुस्थान सरकारला हे लगेच लागू झाले नाही. तुम्ही चौकशी करून कळवा, एवढेच सांगितले गेले. त्या चौकशीसाठी मुंबई सरकारने डॉ. बार्न्स या स्त्री-डॉक्टरांना नेमले. १९२२ साली त्यांचा अहवाल सरकारी लेबर गॅझेटात छापून आला.

त्या अहवालातली एक ओळ वाचून मी पुस्तक मिटून बसलो होतो. गिरणीत काम करणाऱ्या बायांच्या तान्ह्या मुलांपैकी शंभरांत ९८ मुलांना अफू दिली जात होती.

अफूची ती बाळगोळी. राईएवढी गोळी दुधात किंवा पाण्यात उगाळून दिली की मूल गपगार निजे. आईचा कामाचा दिवस कायद्याने अकरा तासांपर्यंतचा; येण्याजाण्याचा वेळ निराळा. मूल शेजारच्या म्हातारीकडे नाहीतर सहासात वर्षांच्या बहिणीकडे. भुकेले मूल रडणार, आणि पाजायला आई नाही. मग गोळी. अफूने मूल झोपते आणि त्याची भूकही मरते. संध्याकाळी आई घरी येते तेव्हा तिचे दूध दाटलेले असते आणि मुलाला प्यायची शुद्ध नसते. हळूहळू आईचे दूध आटते, मुलाचे पोट बांधते, ते वाळत जाते, आणि मग पहिल्याच हगवणीत किंवा खोकल्यात संपते. कधी गोळी थोडी मोठी पडली तर श्वासच मंदावत थांबतो.

हे अज्ञान होते का? थोडे होते. पण नुसते अज्ञान असते तर ते शंभरांत ९८ घरी इतके नेमाने सापडले नसते. ती गोळी म्हणजे त्या बाईला न मिळालेल्या रजेची जागा भरून काढणारी वस्तू होती. बालसप्ताह भरवून, चित्रे लावून, अफू वाईट आहे हे आईला शिकवता येते. पण शिकलेली आई सकाळी भोंगा वाजल्यावर मुलाचे काय करणार, याचे उत्तर चित्रात नसते.

आठ आणे

उत्तर कायद्यात शोधावे लागले. ना. म. जोशी यांनी १९२४ साली मध्यवर्ती कायदेमंडळात बाळंतपणाच्या भत्त्याचे बिल आणले. ते नामंजूर झाले. मग मुंबईच्या कौन्सिलात आसवले यांनी तसे बिल मांडले. २८ जुलै १९२८ रोजी त्यावर डॉ. बाबासाहेब आंबेडकर बोलले. बाहेर त्या वेळी मुंबईच्या गिरण्यांचा सहा महिन्यांचा मोठा संप चालू होता. बाबासाहेबांचे म्हणणे थोडक्यात असे की बाळंतपणाच्या आधी व नंतर आईला विसावा मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, म्हणून त्याचा भार सरकारनेही उचलला पाहिजे. पण मालक बाईला कामावर ठेवतो ते त्यात त्याचा फायदा असतो म्हणूनच, तेव्हा काही भार त्यानेही उचलणे न्याय्य आहे. गिरणीमालकांचा विरोध होता. तरी १९२९ साली कायदा झाला, आणि हिंदुस्थानातील असा तो पहिला कायदा ठरला.

त्याने काय दिले? रोजचे आठ आणे, तीन आठवडे आधीचे आणि चार आठवडे नंतरचे. आणि त्या चार आठवड्यांत कामावर घेण्याची बंदी. पुष्कळ बायांच्या रोजच्या मजुरीपेक्षा ही रक्कम कमी होती. वॉशिंग्टनच्या बारा आठवड्यांशी तुलना केली तर हे फार थोडे वाटते. पण उपदेश करणाऱ्या सर्वांनी मिळून जे दिले नव्हते, ते या आठ आण्यांनी दिले. त्यांनी आईला मुलाजवळ बसण्याचा वेळ दिला.

शहराचे बालमृत्युमान १९३० च्या सुमारास तीनशेच्या आसपास आले. त्याचे श्रेय मी एकट्या कायद्याला देणार नाही. नोंदणी सुधारली, प्रसूतिगृहे वाढली, साथी ओसरल्या. पुढे तर लसी आणि नवी औषधे आली, तेव्हा आकडा खरा कोसळला. पण त्या कायद्यात एक भोक राहिले, आणि त्याची कथा मला घरातूनच ठाऊक आहे.

माझी आजी रिळाच्या खात्यात होती. माझ्या वडिलांच्या आधी तिला दोन मुले झाली, आणि दोन्ही वर्षाच्या आत गेली. कायदा तेव्हा होता. पण पुढे त्यात आधीच्या नऊ महिन्यांच्या नोकरीची अट होती, आणि भत्त्याचा सारा पैसा एकट्या मालकाच्या गल्ल्यातून जायचा. तेव्हा दिवस गेलेली बाई म्हणजे खर्चाची बाब झाली. पोट दिसू लागले की नाईकीण म्हणे, आता गावी जा. हजेरीपटावरचे नाव जाई, आणि परत आल्यावर नवीन म्हणून लागे. आजीचे नऊ महिने कधी भरलेच नाहीत. दुसरे मूल दीड महिन्याचे असताना ती कामावर गेली, आणि मूल चाळीतल्या एका म्हातारीकडे राहिले, जिच्याकडे अशी पाचसहा मुले असत. म्हातारी गोळी देते हे आजीला ठाऊक होते. गोळीचे पैसेही तीच देई.

आजी ऐंशीच्या पुढे जगली. आम्ही नातवंडे तिच्याभोवती बसलो की कधीतरी ती मधेच म्हणे, “मीच निजवला रे त्याला.” आम्हांला ती गोष्ट भुताखेतांच्या गोष्टींसारखी वाटे. तो अहवाल वाचला तेव्हा मी चाळिशीत होतो आणि आजी गेलेली होती. ती एकटी नव्हती, तिच्यासारख्या शंभरांत ९८ होत्या, आणि गोळी तिच्या हातात परिस्थितीने ठेवली होती, हे तिला सांगायचे राहून गेले.

हिशेब कोठे चुकला

चूक कायद्याच्या हेतूत नव्हती, पैसा कोणाच्या खिशातून जातो यात होती. एका मालकाला एका बाईचे पैसे द्यावे लागले की तो ती बाईच टाळतो. पुढील दशकांत मुंबईच्या गिरण्यांतून बायांचे प्रमाण घटत गेले. नवी यंत्रे आणि रात्रपाळीची बंदी ही कारणे होतीच, पण हेही एक होते. म्हणूनच बाबासाहेबांचा भार वाटून घेण्याचा मुद्दा मोलाचा. १९४८ च्या कामगार राज्य विमा कायद्याने तो काही अंशी साधला. सर्व मालक आणि सर्व कामगार एका निधीत भर घालतात आणि बाळंतपणाचा भत्ता त्या निधीतून जातो. मग एखाद्या बाईला काढून टाकण्यात एकट्या मालकाचा फायदा राहत नाही. त्याच साली कारखाना कायद्याने पन्नासांहून अधिक बाया असलेल्या कारखान्यात पाळणाघर सक्तीचे केले. १९७६ साली ती मर्यादा तिसांवर आली. १९६१ साली देशभर बारा आठवड्यांची पगारी रजा झाली, आणि २०१७ साली पहिल्या दोन मुलांसाठी ती सव्वीस आठवड्यांची केली गेली.

२०२३ च्या सरकारी पाहणीत देशाचे बालमृत्युमान हजारी २५ पर्यंत उतरले होते. साडेसहाशेंच्या शहरातून आपण येथवर आलो, ही लहान गोष्ट नाही. पण मी ज्या बायांत काम करतो त्या कंत्राटी सफाईवाल्या आहेत, घरकामवाल्या आहेत, नाक्यावर उभ्या राहणाऱ्या आहेत. कंत्राट अकरा महिन्यांचे, नाव दर वेळी नवे. सव्वीस आठवडे कागदावर आहेत; पण तिचा मालक कोण, हेच कागदावर नाही. आजीच्या नाईकिणीची जागा कंत्राटदाराच्या मुकादमाने घेतली आहे, एवढेच. आमच्या युनियनने म्हणून एक साधे काम धरले आहे. प्रत्येक बाईच्या नावाची वही करायची आणि कामाचा प्रत्येक दिवस तीत तिच्यासमोर लिहायचा. उद्या कोणी म्हणाला हिचे दिवस भरत नाहीत, तर ती वही पुढे करायची. गेल्या काही वर्षांत तीन बायांना या वहीवर रजेचे पैसे मिळाले. तीनच, पण मिळाले.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी अशी एखादी बाई कामाला येत असेल. तिला दिवस गेले तर आपण तिला दूध देऊ, फळे देऊ, चार सल्ले देऊ. ते जरूर द्यावे. त्याबरोबर एक प्रश्न स्वतःला विचारावा: तिचे मूल दोन महिन्यांचे असताना ते कोणाजवळ असेल? त्या प्रश्नाचे उत्तर पगारात आणि रजेत आहे, हे विसाव्या शतकाच्या पहिल्या तीस वर्षांनी आपल्याला शिकवले. फार मुले देऊन आपण तो धडा घेतला आहे. तो विसरू नये, एवढेच माझे सांगणे.